मागची जाळी

माझ्या हातून झालेला सगळ्यात मोठा मूर्खपणा आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझ्याबद्दल फार माया वाटायला नको. मी माझ्या सख्ख्या आत्याला मोटरसायकलवरून पाडलं. हाताने ढकललं नाही, दहा नंबरच्या पान्याने पाडलं. ती पडली तेव्हा मी तिच्यापासून चांगली पाच-सहा किलोमीटर लांब, घरात आरशासमोर उभी राहून वेणी घालत होते, आणि गुणगुणतही होते, असं आई पुढे कितीतरी वर्षं सांगायची. गुणगुणल्याचं मला आठवत नाही. पण त्या वयातल्या मला मी चांगली ओळखते. गुणगुणत असणारच.

तेव्हा मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. फिजिक्समध्ये दोनदा बरे मार्क पडले होते, तेवढ्यावर मी अर्धी इंजिनियर झाले अशा थाटात घरभर वावरायचे. इस्त्री बिघडली की मी उघडायची, रेडिओ खरखरला की मी उघडायची. उघडलेलं बंद करायला मात्र अप्पा लागायचे. अंगाने ताडमाड, आवाज मोठा, आणि जगात आपल्याइतकं डोकं कोणाला नाही याबद्दल मनात तिळभर शंका नाही. आज ती मुलगी माझ्यासमोर आली तर मी तिला बसायला पाट देईन, चहा देईन आणि मग कान धरीन.

आमचं घर मैसूरला, नजरबादमध्ये. पहाटे आधी प्राणिसंग्रहालयातला सिंह ओरडायचा, मग आईचा रगडा घरघरायला लागायचा, आणि सव्वासहाला अप्पांच्या गाडीची किक. या तीन आवाजांनंतर अंथरुणात राहायची कोणाची टाप नव्हती. घरात माणसं चारच. अप्पा हेब्बाळच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचे. आई घर सांभाळायची आणि अप्पांना सांभाळायची. मी काहीच सांभाळत नव्हते. आणि चौथी आत्या, इंदुआत्या, अप्पांची धाकटी बहीण. आमचे कोणी एक पणजोबा घोड्यावर बसून मैसूरच्या महाराजांच्या फौजेत चाकरीला आले आणि इथलेच झाले, असं सांगतात. घोडा गेला, फौज गेली, एक गंजकी तलवार आणि निम्मं कन्नड झालेलं मराठी तेवढं घरात राहिलं. तलवार वर्षातून एकदा खंडेनवमीला बाहेर निघायची, मराठी रोज निघायचं.

आत्या चोविसाव्या वर्षी विधवा होऊन परत आली ती सतरा वर्षं आमच्या स्वयंपाकघरात होती. बुटकी, गोल चेहऱ्याची, फळीवरचा चिंचेचा डबा काढायला पाट लागायचा तिला. सांबारची पूड तिने भाजली की गल्लीतल्या बायका कुंपणापाशी येऊन उभ्या राहायच्या. सगळे म्हणायचे, इंदू आहे म्हणून घर चाललंय. म्हणायला काय जातं. मग एकेचाळिसाव्या वर्षी तिने पेपरातली एक जाहिरात कापली, कोणाला न सांगता अर्ज केला, आणि हेब्बाळच्या दुसऱ्या एका कारखान्यात तारेची वेटोळी गुंडाळायच्या कामाला लागली. तिला तिथे फोटो चिकटवलेला एक बिल्ला मिळाला. घरी आली की तो बिल्ला ती देवघराच्या वरच्या खिळ्याला लावायची. त्याआधी आत्याचा एकटीचा फोटो आमच्या घरात नव्हता. सगळ्या फोटोंत ती कोणाच्या तरी मागे होती, निम्मा चेहरा.

कारखान्याची पाळी साडेसातची. आमच्या बाजूने हेब्बाळला जायला दोन बसगाड्या बदलाव्या लागायच्या, आणि दुसरी कधी वेळेवर आलेली कोणी पाहिली नव्हती. म्हणजे आत्याची नोकरी खरी टिकून होती ती अप्पांच्या गाडीच्या मागच्या सीटवर. रोज सकाळी डबा मांडीवर घेऊन, दोन्ही पाय डाव्या बाजूला सोडून ती बसायची. गाडी नवी होती, नव्या धर्तीची. मागच्या चाकाशी डाव्या बाजूला साडी अडकू नये म्हणून कंपनीने दिलेली सळ्यांची जाळी होती आणि तिच्याखाली, तिलाच जोडलेली, पाय ठेवायला पत्र्याची पट्टी. त्या पट्टीवर आत्याने स्वतः एक लाकडाचा ठोकळा ठेवून, सायकलच्या जुन्या ट्यूबने करकचून बांधला होता. मला तो ठोकळा बघून लाज वाटायची. एवढी नवी गाडी आणि तिला हे मुसळाचं टोक.

आता माझा उद्योग. रविवारी गाडी माझ्या ताब्यात असायची. धुवायची, पुसायची आणि चामुंडीच्या टेकडीच्या पायथ्यापर्यंत एक फेरी मारून आणायची. लायब्ररीत परदेशी मोटरसायकलींचं एक मासिक माझ्या हाती लागलं, आणि तेव्हापासून आमची गाडी मला दूधवाल्याची वाटायला लागली. दसरा महिनाभरावर होता. खंडेनवमीला, म्हणजे आमच्याकडच्या आयुधपूजेला, मैसूरच्या प्रत्येक गल्लीत गाड्या धुऊन, केळीचे खांब आणि झेंडूच्या माळा बांधून रांगेत उभ्या करतात, आणि कोणाची गाडी कशी दिसते ते येणारे-जाणारे डोळे भरून बघतात. मी ठरवलं, यंदा आमची गाडी बघून गल्लीने तोंडात बोट घालायचं.

आणि खरं सांगते, काही कामं मी बरी केली होती. अशोका रोडवरच्या दुकानातून बुटका सपाट हँडल आणला, गोल आरसे आणले, जाड रबराच्या मुठी आणल्या. चोकच्या नॉबवर चन्नपट्टणच्या खेळण्यातला लाखेचा लाल मणी बसवला, थंडीतल्या सकाळी तो बोटांना छान लागायचा. शिसवी लाकडावर जडावकाम करणारे एक म्हातारे गृहस्थ आमच्या मागच्या गल्लीत होते; त्यांच्याकडून उरलीसुरली एक पट्टी मागून आणली, त्यावर छोटा हत्ती होता, ती मीटरच्या खाली बसवली. सीटचं कव्हर मी आत्याच्या शिलाई मशीनवर शिवलं. म्हणजे मी पाय मारत होते आणि आत्या रेक्झीन धरून होती. “दुहेरी टीप मार गं,” म्हणाली, “बसणाऱ्याचं वजन शिवणीवर येतं.” पाच संध्याकाळी ती माझ्याबरोबर बसली, कारखान्यातून दमून आल्यावर. त्या पाच संध्याकाळींत एकदासुद्धा मी तिला माझ्या डोक्यातली शेवटची गोष्ट सांगितली नाही.

ती गोष्ट अशी. मासिकातल्या गाडीच्या पुढच्या दिव्यावर सळ्यांची एक गोल जाळी होती. वाळवंटातून जाताना दगड उडून काच फुटू नये म्हणून. नजरबादला दगड कोण उडवत होतं, हे मला विचारू नका. मला ती हवी होती. दुकानात मिळेना. आणि इकडे गाडीच्या मागच्या बाजूला चांगल्या पॉलिश केलेल्या सळ्या सुम्ने, उगाचच, लोंबत होत्या, वर ते लाकडी मुसळ. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी, गाडी घरी आल्यावर, दहाचा पाना घेतला, तीन बोल्ट काढले, ट्यूब कात्रीने कापली, ठोकळा बंबाजवळच्या लाकडांत टाकला, आणि जाळी पिशवीत घालून मंडी मोहल्ल्यातल्या वेल्डिंगवाल्या इमाम मेस्त्रींकडे गेले. म्हटलं, ही कापा आणि दिव्याची करा. मेस्त्रींनी जाळी उलटीपालटी करून बघितली आणि कन्नडमध्ये एवढंच विचारलं, “अम्मा, हिंदे यारू कूर्तारे?” मागे कोण बसतं?

“यारू इल्ला,” मी म्हटलं. कोणी नाही.

मला आठवतंय, हे म्हणताना माझी जीभ अडखळलीसुद्धा नाही. खोटं बोलतेय असं वाटलंच नाही, तर अडखळणार कशी? महिन्याचे सव्वीस दिवस जिला मी मागच्या सीटवर बसून जाताना बघत होते, ती त्या क्षणी माझ्या डोक्यात कुठेच नव्हती. मेस्त्रींनी खांदे उडवले आणि करवत घेतली.

इथे थोडं थांबते, कारण हे प्रकरण मी लिहायला बसले ते माझ्या नातीमुळे. ईरा हेब्बाळला त्या मोठ्या कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, विजयनगरला राहते, आणि तिने नवी, जड, गडगडणारी मोटरसायकल घेतली आहे. दर आठवड्याला तिच्या घरी खोकी येतात. हँडलच्या टोकाला लावायचे आरसे, वेगळा सायलेन्सर, कसलेकसले दिवे. काही गोष्टी ती आणि तिचा मेकॅनिक स्वतः घडवतात, आणि माझी नात आहे म्हणून नाही, पण हात चांगला आहे पोरीचा. मागच्या महिन्यात मला फोटो दाखवला. म्हटलं, साडीची जाळी कुठे गेली? “आज्जी, ते सगळे पहिल्याच दिवशी काढतात. गाडी क्लीन दिसते.” क्लीन म्हणे. म्हणजे आम्ही बसायची सोय ती घाण. मी विचारलं, मागे कोण बसायचं? तर तिने मागची सीटच काढून टाकली होती. “कोणी नाही गं.” मी तिच्याशी चार दिवस बोलले नाही, आणि तिला वाटलं आज्जीचं वय झालं. वय झालंच आहे. पण राग वयाचा नाही. गाडी कारखान्यातून निघते तेव्हा तिच्यावर बाईसाठी म्हणून एकच वस्तू असते, आणि जो तो पाना घेऊन आधी तिच्याकडेच धावतो. आणि या धावणाऱ्यांत पहिली कोण होती, ते मी तुम्हाला सुरुवातीलाच सांगितलंय.

खंडेनवमीला सकाळी अंगणात गाडी उभी केली. पाटावर पणजोबांची तलवार, आईची विळी, आत्याची कात्री, अप्पांचे सगळे पाने ओळीने मांडले. आईने डाळीची कोसंबरी आणि मैसूरपाकाचा नैवेद्य दाखवला, अप्पांनी गाडीला हळदकुंकू लावलं, कोहळा फोडला. पुढच्या दिव्यावरची नवी जाळी बघून त्यांनी विचारलं, “अरे वा, ही कुठून आणलीस?” मी म्हटलं, मेस्त्रींकडून. तेही खोटं नव्हतं. मग मागे जाऊन म्हणाले, “आणि इकडची?” मी म्हटलं, “पॉलिशला दिलीय.” आत्या तेव्हा झेंडूची माळ धरून उभी होती. “गाडी मोकळी मोकळी दिसते नाही?” एवढंच म्हणाली, आणि वाकून नव्या जाळीला कुंकवाचं बोट लावलं. स्वतःच्याच सळ्यांना.

दुसऱ्या दिवशी दसरा. अप्पांनी दुपारी परत विचारलं, “जाळी आणून लावलीस का?” मी काय म्हणाले असेन? म्हटलं, “अप्पा, पाने पूजेत आहेत. आज हत्याराला हात कसा लावायचा?” एरवी देवळात जायला सांगितलं की माझं पोट दुखायचं, आणि त्या दिवशी अशी धार्मिक झाले. अप्पा मान हलवून मिरवणुकीतल्या हत्तीवरची अंबारी बघायला गेले. संध्याकाळी आईने पूजा हलवली, पाने पुन्हा डब्यात गेले. जाळी जागेवर आली नाही, आणि यायला ती उरलीच नव्हती.

तिसऱ्या दिवशी कारखाने उघडले. सव्वासहाला किक बसली. आत्या नवी साडी नेसून, पदर कमरेला पक्का खोचून बसली. पाय ठेवायला पट्टी नव्हती. ती म्हणाली, “अण्णा, पाय कुठे ठेवू?” आणि अप्पा म्हणाले, “आजचा दिवस सांभाळून घे, संध्याकाळी बघू.” हे मी खिडकीतून ऐकलं. ऐकलं आणि वेणी घालायला गेले.

केआरएस रोडवर, रेल्वेच्या फाटकाअलीकडे, समोरून लॉरी गेली त्या वाऱ्याने निऱ्यांचा घोळ फुगला आणि चाकात गेला. गाडी हळू होती म्हणून आत्या वाचली. उजवा हात टेकला तो कोपराखाली दोन ठिकाणी मोडला. नवी साडी चाकाला अशी गुंडाळली होती की लोकांना ती कापून काढावी लागली, आणि परक्या बाईने आपल्या अंगावरची शाल तिला दिली. ती शाल परत करायला आम्हाला ती बाई पुढे कधी सापडली नाही.

मग जे झालं त्याचा राग मला आजही जसाच्या तसा येतो. आत्या हात गळ्यात बांधून कोचावर बसलेली, आणि येणारं प्रत्येक माणूस तिच्यासाठी मोसंबी आणि अक्कल दोन्ही घेऊन येत होतं. “साडी सावरून बसायला नको का?” “या वयात मोटरसायकल कशाला?” विजयनगरची काकू तर म्हणाली, “इंदे, तुला घरात काय कमी होतं सांग.” आणि सांबारची पूड किती दिवस मिळाली नाही त्याबद्दल हळहळली. सगळ्यांचं एकमत झालं की आत्याला बसता येत नाही. दीड वर्षं रोज दोन वेळा बसत होती ती कोणालाच दिसली नव्हती. अप्पा खुर्चीत बसून हे सगळं ऐकायचे. मी चहा आणून द्यायची. आमची दोघांची नजर एकदाही एकमेकांना भेटली नाही. जाळी नव्हती हे त्यांना माहीत होतं. का नव्हती हे मला माहीत होतं. आणि दोघं मिळून आम्ही त्या बुटक्या बाईला सगळ्यांच्या तोंडी दिलं होतं. शेवटी अप्पांनी जाहीर केलं की ते आता गाडीवर मागे कोणालाच घेणार नाहीत. म्हणजे नोकरी संपली.

रविवारी सकाळी मला कागद-पेन घेऊन बसवलं. आत्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये, आणि माझं इंग्रजी घरात सगळ्यात चांगलं, म्हणून राजीनामा मी लिहायचा आणि आत्याने डाव्या हाताने सही करायची. आई उंबऱ्यात बसून घेवडा निवडत होती. बिल्ला देवघराच्या वर होता.

“लिही,” अप्पा म्हणाले, “ड्यू टु डोमेस्टिक रीझन्स.”

“म्हणजे काय रे अण्णा?” आत्याने विचारलं.

“घरगुती कारणामुळे.”

“घरात काय झालंय? मी रस्त्यावर पडले.”

“बरं, तब्येतीचं लिही.”

“तब्येत बरी आहे. हात मोडलाय. तो महिन्याभरात जुळेल म्हणाले डॉक्टर.”

अप्पा चिडले. “मग तूच सांग काय लिहायचं ते.”

आत्याने थोडा विचार केला. मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाली, “लिही सुधे. मला गाडीवर नीट बसता येत नाही. सतरा माणसं येऊन तेच सांगून गेली, तेव्हा खरंच असेल.”

मी पेन टेकवलं आणि हात पुढे जाईना. आजपर्यंत मी पुष्कळ खोटं लिहिलंय, सरकारी नोकरीत तीस वर्षं काढली आहेत, पण ते वाक्य माझ्याच्याने लिहवेना. “जाळी मी काढली,” मी म्हटलं. “पॉलिशला नाही दिली. कापून घेतली. ती पुढे आहे, दिव्यावर.”

आत्या उठली, चपला घातल्या आणि अंगणात गेली. आम्ही तिघं तिच्या मागे. दिव्यावरच्या सळ्यांवर पूजेचं कुंकू अजून होतं. तिने डाव्या हाताचं बोट एकेका सळीवरून फिरवलं, भांडं घासलं गेलंय का बघावं तसं. मला वाटलं आता ती मला मारेल, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “आणि माझा ठोकळा?”

“बंबात गेला असेल,” मी म्हटलं.

ती “अय्यो” म्हणाली, हळूच, आणि परत आत जाऊन बसली.

भांडण झालं ते आईचं. माझ्याशी नाही. घेवडा निवडायचं सूप हातात तसंच धरून ती अप्पांना म्हणाली, “तुम्हाला दिसलं होतं जाळी नाही ते.”

“ही म्हणाली पाने पूजेत आहेत.”

“पाने दसऱ्याच्या संध्याकाळी उठवले मी. तुम्ही गेलात दुसऱ्या दिवशी सकाळी. तेव्हा काय पूजेत होतं? तोंड?”

अप्पांसमोर आईचा आवाज चढलेला मी तोवर ऐकला नव्हता. ते काहीतरी पुटपुटले, की आता ते उगाळून काय उपयोग. आई म्हणाली, “चार दिवस येईल तो माणूस तिला बसायला शिकवून गेला, तेव्हा उगाळलेलं चाललं?” आणि आत जाऊन भांडी अशी आपटली की शेजारचा रेडिओ बंद झाला. त्या दिवशी दुपारी अप्पांच्या पानात भात पडला, सार पडलं, शब्द एकही पडला नाही. संध्याकाळी ते उंबऱ्यापाशी येऊन उभे राहिले आणि बहिणीला म्हणाले, “इंदू, हात बरा झाला की सांग. मी नेईन.” माफी वगैरे मागायची रीत आमच्याकडच्या पुरुषांत नाही. ते तेवढंच, घसा खाकरून. आत्या माझ्याकडे वळली. “तो कागद उलटा कर. मागची बाजू कोरी आहे ना? लिही, पुढच्या महिन्यात कामावर येते.”

आता इथेच थांबले असते तर मी शहाणी झाले असं तुम्हाला वाटलं असतं. तसं काही झालं नाही. मी पश्चात्ताप करायला निघाले, आणि एकोणिसाव्या वर्षीचा माझा पश्चात्तापसुद्धा मिरवणुकीसारखा होता. साधी जाळी लावून चालणार नव्हतं. सगळ्या मैसुरात नसेल अशी जाळी हवी होती. परत इमाम मेस्त्रींकडे गेले. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, “अवत्तु यारू इल्ला अंद्रल्ला.” त्या दिवशी कोणी नाही म्हणाला होतात ना. मी मान खाली घातली आणि वहीतला नकाशा पुढे केला. सळ्या वाकवून मधोमध गंडभेरुंड, राजवाड्याच्या कमानीवर असतो तसा दोन डोक्यांचा पक्षी, भोवती वेलबुट्टी, आणि खाली जाड ॲल्युमिनियमची खवल्यांची पट्टी. तीन आठवडे रोज कॉलेजातून परस्पर तिकडे. सळी तापवायची, वाकवायची, मोडायची, परत वाकवायची. हाताला फोड आले ते मी घरी दिसतील असे धरून जेवायची. पट्टी कुठे बसवायची म्हणून मेस्त्रींनी माप मागितलं, तर मी ऐटीत गाडीवर चढून, पाय सोडून दाखवलं. इथे. त्यांनी खडूने खूण केली. पक्षी शेवटी दोन कोंबड्या भांडताहेत असा झाला, पण मला तो सुंदर दिसत होता. मेस्त्रींनी त्यावर चकचकीत पॉलिश मारलं आणि म्हणाले, यात हत्ती अडकला तरी हे हलणार नाही.

प्लास्टर निघाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी, दुपारची जेवणं झाल्यावर, मी सगळ्यांना अंगणात बोलावलं. गाडीवर चादर घातली होती. चादर ओढली. अप्पा वाकून बघायला लागले, जोडावरून बोट फिरवलं, “वेल्डिंग पक्कं आहे,” म्हणाले. त्यांच्या तोंडून हे कौतुक फार होतं. आई पळी हातात घेऊनच दारात उभी होती. ती म्हणाली, “कोंबड्या कशाला केल्यास?” मी तिकडे लक्ष दिलं नाही. मी आत्याकडे बघत होते. तिच्या हाताची साल निघाली होती, तो हात अजून बारीक, पांढरट दिसत होता. आज ती मला जवळ घेणार, आणि मी थोडी रडून घेणार, असं सगळं मी मनात बसवून ठेवलं होतं.

अप्पांनी हँडल धरला. आत्या पाटावरून सीटवर चढली, निऱ्या सारख्या केल्या, पदराचं टोक मुद्दाम सोडून जाळीवर दाबून बघितलं. आत गेलं नाही. पुन्हा दाबलं. मान हलवली. मग तिने खाली बघितलं. तिच्या दोन्ही चपला माझ्या खवल्यांच्या पट्टीच्या वर, चांगल्या वीतभर, हवेत होत्या. तिने एक पाय ताणला, मग दुसरा ताणला, मग दोन्ही परत सैल सोडले. आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “सुधे, काढलीस तेव्हा मला विचारलं नाहीस, आणि लावलीस तेव्हाही नाही. माझा पाय पोचत नाही गं.”